सातवा हात

हिंगोली जिल्ह्याचा हेवा वाटलेली बाई माझ्याखेरीज दुसरी कुणी असेल असं मला वाटत नाही. लोक काश्मीरहून येतात, सिंगापूरहून येतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जळवायला फोटो दाखवतात. मी सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात चार दिवस राहून नाशिकला परत आले, आणि जळत होते ती मीच. नातवंडं म्हणतात, आजी, तो प्रवास लिहून काढ. काढते. मात्र तो प्रवास करणारी मी बावन्न वर्षांची, एम. ए. झालेली, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेली बाई होते. त्या बाईबद्दल मला आता फारशी आपुलकी उरलेली नाही. तिची बाजू घेईन अशी आशा कुणी ठेवू नये.

निमित्त झालं धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या पत्राचं. 'ताई, माझ्यावर अविश्वास ठराव आला आहे. कायदा तुला येतो. दिवाळीची सुट्टी आहे तर ये.' एवढंच.

कुसुम सरपंच होऊन तीन वर्षं झाली होती. ते मला माहीत होतं, पण मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. दहावीला तिसऱ्या खेपेला पास झालेली ही मुलगी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न होऊन इतक्या लांब गेली, तेव्हापासून मी तिला मनातल्या मनात 'बिचारी' म्हणत आले होते. निवडणूक म्हणजे माझा प्रांत! सातवीत असताना मी वर्गाची मॉनिटर निवडून आले होते. गुरुजींनी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या, तेव्हा स्वतःच्या नावाच्या दोन टाकल्या होत्या, हे आज पहिल्यांदाच कबूल करते. आणि आता बिचारीजवळ सरपंचाचा गोल शिक्का होता, आणि माझ्याजवळ चाळीस मिनिटांचा तास.

हिंगोली आणि पुढचा रस्ता

पूर्णेला गाडी बदलून छोट्या रेल्वेने हिंगोलीला उतरले. परभणीपासून वेगळा होऊन जिल्हा अजून नवाच होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगसुद्धा ओला वाटावा इतका. स्टेशनावर कुसुमचे यजमान, आमचे मास्तर, न्यायला आले होते. एस. टी. निघून गेली होती, म्हणून जीप धरली. नऊ माणसांच्या जीपमध्ये मी सोळा मोजली. सतरावा ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर होता.

मी पर्समधून वही काढली. लोकशाहीबद्दल सामान्य नागरिकाला काय वाटतं, ते विचारून शाळेच्या अंकात लेख लिहायचा, असं ठरवूनच निघाले होते. शेजारी कापसाचं गाठोडं मांडीवर घेतलेली बाई बसली होती. तिला विचारलं, "लोकशाही म्हणजे काय वाटतं हो तुम्हाला?"

ती म्हणाली, "मताच्या दिवशी शाळंच्या दारातला शिपाई मला 'या बाई' म्हनतो. बाकी दिवशी 'ए बाई'."

मागून एक पागोटेवाले आजोबा बोलले, "अहो, ही जीप बघा. सोळा जन ड्रायव्हरला सांगून राहिले, हिकडून घे, तिकडून घे. गाडी त्योच चालवतो. पन सांगायचं कुनी सोडतं का?"

"सांगू नका म्हनलं तरी सांगता," ड्रायव्हर बाहेरूनच ओरडला.

मी वहीत लिहिलं, 'संकल्पना अस्पष्ट.' हो, अगदी असंच लिहिलं. वही अजून आहे. ते पान उघडलं की वही लिहिणाऱ्या त्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

बाहेर सोयाबीन निघून गेलेली काळी रानं होती, आणि मधूनमधून तुरीचे पट्टे पिवळ्या फुलांनी भरलेले. कापूस वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून ओळीने सरकत होत्या. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा एखाद्या शाळेसारख्या शिस्तीत उभ्या असतात. इथलं रान मोकळंढाकळं, बोलकं. हे मी वहीत लिहिलं नाही. हेव्याची ती सुरुवात होती आणि मला कळलं नाही.

कुसुमच्या घरी

गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावच्या लोकांनी वाचलं तर बरोबर ओळखतील.

कुसुम दारातच होती. जाड झाली होती आणि तिला ते शोभत होतं. "दमलीस का गं ताई?" म्हणाली, आणि लगेच मागे वळून कुणाला तरी, "अरे, त्या हातपंपाचं काय करून राहिले तुमी? उद्या म्हनून चार उद्या झाले!" माझ्या बहिणीच्या तोंडात ती भाषा अशी बसली होती की जणू जन्मली इथेच. मला तेही आवडलं नाही. बोलायला तिला मी शिकवलं होतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी आणि अंबाडीची भाजी. एका जेवणात तीनदा उठावं लागलं तिला. एकाला दाखल्यावर सही हवी होती, एकीची नवऱ्याविरुद्ध तक्रार, आणि एकजण नुसताच भांडायला आला होता. भांडून झाल्यावर तो आमटी पिऊन गेला. माझ्या दाराची बेल वाजते ती कुरिअरवाल्याची.

ठरावाचं कारण असं होतं. गावात ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरायची. पारावर पुरुष बसायचे. बौद्ध वस्तीतली माणसं खाली कडुलिंबाच्या बाजूला उभी राहायची, आणि बायका आपापल्या ओट्यावरून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायच्या. उभं राहायला कुणी सांगितलेलं नव्हतं, बसायलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या सभेला कुसुमही ओट्यावरच होती. सरपंच ओट्यावर आणि सभा पारावर! दुसऱ्या वर्षी तिने सभा शाळेच्या पटांगणात नेली. सतरंज्या घातल्या, ज्याने जिथे यावं तिथे बसावं. उपसरपंच बापूरावांचं डोकं तेव्हापासून फिरलं. गावची रीत मोडली, म्हणाले. आता नऊ सदस्यांतले सहा त्यांच्या बाजूला होते. कुसुमकडे ती स्वतः, म्हातारे उस्मानचाचा आणि केशरबाई.

केशरबाई जेवणानंतर आल्या. बौद्ध वस्तीतल्या, दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाणाऱ्या, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. दाराशी थांबल्या, तेव्हा कुसुमने त्यांना हात धरून खाटेवर बसवलं. मी लगेच त्यांना ग्रामसभेचं घटनात्मक महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या तिकडं सभा कुटं भरते, बाई?"

"सभागृहात."

"ते कुनी ठरवलं?"

"म्हणजे... ते असतंच ना तिथे."

"हां," म्हणाल्या, आणि कुसुमकडे एकदा बघून गेल्या. मला वाटलं, बाईंना प्रश्न नीट कळला नाही.

कायदा काय म्हणतो ते मी सांगितलं, तरी रात्री कुसुम मला म्हणाली, "पडले तर पडू दे गं. पन पाडून सभा परत पारावर नेतील. ते मला बघवणार न्हाई." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यातून एक बारीकसा आवाज म्हणाला, पडली तर बरंच होईल. मी तो आवाज ऐकला नाही असं दाखवलं. दाखवायचं कुणाला होतं, कोण जाणे.

औंढा नागनाथ

दुसऱ्या दिवशी कुसुमला घरोघर फिरायचं होतं. "मास्तरांबरोबर औंढ्याला जाऊन ये, दर्शन होईल," म्हणाली. म्हणजे मी पायात नको होते.

औंढ्याचं देऊळ पाहावं असंच आहे. बाहेरून दगडी कोरीव भिंती, नुसतं बघत बघत फिरलं तरी तास जावा. आणि देव मात्र तळघरात. अरुंद वाटेने वाकून, बसून, जवळजवळ घसरतच खाली उतरावं लागतं. वर येताना माझी साडी एका बाईच्या पायाखाली, पदर दुसरीच्या हातात. नंदी दाराशी शोधत होते, तर तो देवळाच्या मागच्या बाजूला. "इथं सगळं उलटं आहे," मी मास्तरांना म्हटलं. ते हसले आणि आमच्या चपला आणायला गेले.

तेवढ्यात बाहेरच्या पायऱ्यांवरून हाक आली. "या या, मोठ्या बाई! सरपंचीणबाईच्या बहिणी ना तुमी?"

बापूराव! आणि त्यांच्याभोवती बाकीचे पाच, त्यात त्यांची वहिनीही. ही इकडची पद्धत मला ठाऊक नव्हती. मतदानाच्या आधी आपल्या बाजूचे सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना गावातून उचलायचं आणि देवदर्शनाला फिरवत ठेवायचं. सहाही जण दोन दिवस देव करत होते. एकाने कंटाळून, "आता देव पुरे, घरी सोडा," अशी विनवणीही केली माझ्यादेखत.

बापूराव पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, गोड बोलणारे. "बसा. चहा घ्या. आमचं वैर तुमच्या बहिनीशी हाय, तुमच्याशी काय? तुमी तर मास्तरीण, बरं झालं भेटल्या. सांगा बरं, नऊ मानसं, त्यातले सहा आमी. तीन भागातले दोन भाग. झालं की न्हाई बराबर?"

आता वाचणाऱ्याने इथे जरा थांबावं. शहाणी बाई असती तर "बरोबर" म्हणून चहा पिऊन उठली असती. ठराव आपोआप आपटला असता, बहीण वाचली असती. पण समोरच्याने चुकीचं उत्तर दिलं आणि मी गप्प बसले, असं सव्वीस वर्षांत एकदाही घडलेलं नव्हतं.

"चूक," मी म्हणाले. "सरपंच बाई असेल तर तीन चतुर्थांश लागतात." फळा नव्हता म्हणून खाली पडलेल्या बेलाच्या काडीने पायरीवरच्या धुळीत गणित मांडून दाखवलं. "नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात. पावणेसात माणसं हात वर करू शकत नाहीत. म्हणून सात."

सहाही माणसं त्या धुळीकडे बघत राहिली. बापूरावांनी चहाची बशी हळूच खाली ठेवली. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बाई, लई उपकार झाले."

मास्तर चपला घेऊन आले तोवर मी पायाने ते गणित पुसून टाकलं होतं. माझ्या तोंडून ते सवयीने गेलं, असं मी परतताना स्वतःला सांगत होते. आज मला विचाराल तर अर्धं सवयीने गेलं. उरलेलं अर्धं कशाने गेलं, ते वर लिहिलंच आहे.

मतदानाचा दिवस

सकाळी उस्मानचाचा धापा टाकत आले. "बेटी, केशरबाई नै है घर पे. सुबे फजरको जीप आई, बैठके चली गई."

"कुणाची जीप?" मी विचारलं.

"और किसकी? बापूराव की. कोई बोला कलमनूरी लेके गए."

कुसुम लसूण सोलत होती, ती तशीच थांबली. "पन त्यांना तर सहाच पुरे वाटत होते. सातवं काहून लागलं त्यांना?"

मी तिच्या हातातला लसूण घेतला आणि सोलू लागले. इतका लसूण मी आयुष्यात सोललेला नाही. त्या दिवशीची आमटी कुणाला खाववली नाही.

दुपारी तहसीलदार आले. पंचायतीची खोली लहान, आत नऊ सदस्य आणि कागदपत्रं. आणि बाहेर सगळं गाव. खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली, बायका कापसाची ओटी कमरेला तशीच ठेवून रानातून आलेल्या, म्हातारे भिंतीला टेकून, कुणी झाडावर. एक आजी म्हणत होती, "सरका ना रे मुडद्यांनो, मला बी दिसू द्या." वस्तीतली माणसं, पारावरची माणसं, सगळी एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती.

नाशिकला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा असते. वेळेला दोघं येतात. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून त्याच दोघांत पुन्हा भरवतात आणि सगळे ठराव मंजूर. मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते, बिनविरोध. म्हणजे दुसऱ्या कुणाला ते नको होतं म्हणून. मला पाडायचं ठरवलं असतं, तरी ते बघायला जिना उतरून कुणी आलं नसतं. गजांना लटकणं तर दूरच. त्या खिडकीशी उभी राहून मला कुसुमच्या पडण्याचाही हेवा वाटला. हे वाचून कुणाला मी वाईट वाटले तर वाटू द्या.

केशरबाई बापूरावांच्या शेजारी बसल्या होत्या. कुसुमकडे त्यांनी पाहिलं नाही. तहसीलदारांनी ठराव वाचला. बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. एक, दोन, तीन... सहा. मग सावकाश, कोपरातून सरळ, सातवा.

बाहेर एकदम गलका झाला. वस्तीतलाच एक तरणा गजातून ओरडला, "केशरकाकू, हे काय केलं? तुमच्यासाठी तर तिनं सभा शाळंत नेली!"

केशरबाई उभ्या राहिल्या. तहसीलदार म्हणाले, आता बोलायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, लई वर्सं गरज नव्हती. आज बोलते."

आवाज मोठा नव्हता, पण गजांपर्यंत पोचत होता.

"सभा पारावरून हलवली, चांगलं केलं. मी न्हाई म्हनत न्हाई. पन आमच्यासाठी हलवली म्हनता आन् आमाला इचारलं न्हाई. सतरंजी घातली आन् सांगितलं, या, बसा. इचारलं असतं तर मी म्हनले असते, आमच्या वस्तीत भरवा. इतके वर्सं आमी गावाकडं गेलो. एकदा गावानं आमच्याकडं यावं." मग त्या बापूरावांकडे वळल्या. "आन् मी उगाच जीपमधी बसले न्हाई. खुर्ची बाईसाठी राखीव हाय. तिच्यावर मी बसनार, हे ह्या सहा जनांनी देवाची शपथ घेऊन कबूल केलं हाय. व्हय का न्हाई, बापूराव? गावासमोर सांगा."

बापूरावांच्या वहिनीने दिराकडे असं पाहिलं की त्या नजरेवर भाकरी भाजली असती. ती खुर्ची तिच्यासाठी होती. पण सातवा हात नसता तर खुर्ची रिकामी झालीच नसती. बापूराव खाली बघून म्हणाले, "व्हय."

माझं गणित होतं ते. बेलाच्या काडीने मांडलेलं.

कुसुम सगळं ऐकत होती. तिचा चेहरा लहानपणी नापास झाल्यावर व्हायचा तसा झाला. मग ती उठली, शिक्का टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "केशरबाई, मी इचारायला पायजे होतं." बस्. पुढे काही नाही. आयुष्यभर मुलांना मी शिकवलं की पराभव खिलाडूपणे घ्यावा, आणि स्वतः भोंडल्याच्या खिरापतीची कोडी हरले तरी चार दिवस अबोला धरत असे.

परतीची गाडी

चौथ्या दिवशी कुसुम मला सेनगावच्या स्टँडवर सोडायला आली. कुणीतरी तिला "सरपंचबाई, नमस्कार" म्हणालं, ती म्हणाली, "आता न्हाई हो," आणि त्या माणसाने सवयीने पुन्हा सरपंचबाईच म्हणून हातपंपाची तक्रार सांगितली.

बस लागली होती. मी तिचा हात धरला आणि औंढ्याचं सगळं सांगून टाकलं. पायरी, धूळ, काडी, पावणेसात.

तिने माझा हात सोडवला. मग म्हणाली, "ताई, खरं सांग. तू त्या नवांत असतीस तर तुझा हात कुटं असता?"

"खाली, कुसुम. खालीच."

"खोटं."

तिने खिडकीतून रुमाल टाकून मला जागा धरून दिली, पिशवीत धपाटे ठेवले, आणि बस निघायच्या आतच पाठ फिरवून चालायला लागली. ती मागे वळून बघेल म्हणून मी वळणापर्यंत मान बाहेर काढून बसले होते. कंडक्टर दोनदा ओरडला.

वर्गात परत गेले, ग्रामपंचायतीचा धडा आला, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही खरी ग्रामसभा पाहिलीय का?" मी म्हणाले, "पुस्तकाकडे लक्ष दे."

कुसुमचं पत्र संक्रांत उलटून गेल्यावर आलं. माफ केलं असं त्यात कुठेही नव्हतं. त्यात असं होतं:

'केशरबाई सरपंच झाल्या. त्यांचं नाव मीच सुचवलं. बापूरावांची वहिनी पण उभी राहिली होती, तिला तिचंच मत पडलं. परवा सभा वस्तीत भरली, विहारासमोर. सगळं गाव गेलं. बापूराव आधी उभेच होते, मग पाय दुखले म्हणून बसले. मी आता साधी सदस्य, म्हणून समोर सतरंजीवर बसले आणि केशरबाईंना तीन प्रश्न विचारले. दोनाची उत्तरं दिली. हातपंपाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आलं नाही. ताई, मला लई बरं वाटलं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिते.'